हिशोबाचं बेणं: लॅपटॉपची प्रत घरच्या वायफायवर



गटाच्या बैठकीत बचतीची रक्कम सदस्याच्या पासबुकात लिहिली जाते आणि तीच रक्कम गटाच्या खतावणीतही चढते. नवीन सदस्य कधी कधी विचारतात, "एकच आकडा दोनदा कशाला लिहायचा?" जुन्या सखींना उत्तर पाठ आहे. एक वही भिजली, फाटली, हरवली तर दुसरी वही बोलते. पासबुक ताईच्या घरी, खतावणी गटाकडे. दोन्ही एकदम जाणार नाहीत, हा त्यातला खरा आधार.

आता आपला बराच कारभार लॅपटॉपवर आलाय. पण लॅपटॉपला असं दुसरं पासबुक आपण दिलंय का? बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असं येतं. म्हणून या अंकातला पाठ त्यावर आहे. लॅपटॉपमधल्या कामाची दुसरी प्रत घरच्या वायफायवरून, वायर न जोडता, आपोआप कशी ठेवायची ते आपण शिकू. या कामाला 'बॅकअप' म्हणतात.

वसमतच्या बाईला बॅकअप वेगळा शिकवायची गरज नाही. हळद निघाली की आपण सगळीच शिजवून मोंढ्यावर नेत नाही. चांगलं बेणं बाजूला काढतो, सावलीत वेगळं ठेवतो. शिजवलेल्या हळदीला कोंब येत नाही. पुढचं पीक उभं राहतं ते राखून ठेवलेल्या बेण्यावर. हिशोबाचंही तसंच बेणं राखायचं आहे.

लॅपटॉपमध्ये काय काय अडकलेलं असतं?

लोकोस अ‍ॅपवर भरलेली गटांची माहिती सिंक झाली की सर्व्हरवर जाते. त्यामुळे फोन किंवा टॅब बिघडला तरी ती माहिती वाचते. पण प्रभागसंघाच्या लॅपटॉपवर याहून पुष्कळ जास्त असतं: समुदाय गुंतवणूक निधीच्या वाटपाचे एक्सेल तक्ते, ग्रामसंघांच्या परतफेडीच्या याद्या, ठरावांचे स्कॅन, बँकेला दिलेले प्रस्ताव, प्रशिक्षणाचे फोटो, हळद पावडर आणि मसाल्याच्या ऑर्डरी, मालाची देणी-घेणी. हे सगळं फक्त त्या एका यंत्रात असतं.

समजा, एका ताईने कर्जाचे अकरा हप्ते फेडलेत आणि बारावा राहिलाय. परतफेडीचा तक्ता गेला. जुन्या पावत्या शोधून, प्रत्येक गटाची वही मागवून हिशोब पुन्हा उभा करता येतो, पण त्याला महिने लागतात. तोपर्यंत "माझे हप्ते लिहिले का नाहीत?" आणि "भरल्याचा पुरावा दाखव" असं सुरू होतं. पैशापेक्षा आधी विश्वास जातो. यंत्र नवीन घेता येतं, विश्वास दुकानात मिळत नाही.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

इथं बऱ्याच जणींचा गोंधळ होतो, म्हणून हे आधी नीट समजून घेऊ. घरात वायफायचा डबा, म्हणजे राउटर, लावलेला असतो. तो दोन कामं करतो. एक, घराबाहेरचं इंटरनेट आत आणतो. दोन, घरातली यंत्रं एकमेकांशी जोडतो. दुसऱ्या कामाला इंटरनेट लागत नाही. रिचार्ज संपला, बाहेरची केबल तुटली, तरी डबा चालू असेल तर घरातल्या लॅपटॉपमधून घरातल्याच संगणकावर फाइल जाऊ शकते. शेजारणीच्या घरी गल्लीतून डबा द्यायला एसटीचं तिकीट लागत नाही, तसंच हे.

याचे दोन फायदे. डेटा खर्च होत नाही. आणि सदस्यांची माहिती घराबाहेर जात नाही.

काय काय लागतं?

एक, ज्याची प्रत घ्यायची तो लॅपटॉप. इथं आपण विंडोज १० किंवा ११ असलेला धरलाय.

दोन, वायफायचा डबा. मुलांच्या अभ्यासासाठी आता बऱ्याच घरांत तो असतोच. नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून दोन्ही यंत्रं त्याला जोडा. मोबाइल डेटा बंद ठेवूनही बहुतेक फोनवर हे चालतं.

तीन, प्रत ठेवायची जागा. यात दोन पर्याय आहेत. पहिला, घरात किंवा कार्यालयात पडून असलेला जुना संगणक. तो जोरात चालला नाही तरी चालेल, फक्त त्याच्या डिस्कमध्ये रिकामी जागा हवी. दुसरा, काही राउटरच्या मागे पेन ड्राइव्ह बसेल असं यूएसबीचं तोंड असतं. तिथं हार्ड डिस्क लावली की ती सगळ्या घराला दिसते. पण प्रत्येक राउटरमध्ये ही सोय चालू नसते. जोडणी करून देणाऱ्याला विचारून घ्या. या पाठात आपण जुन्या संगणकाचा पर्याय घेऊ, कारण नवीन खरेदी लागत नाही.

सूचना: पडद्यावरची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतील. आपण ती बोलतो तशी इथं लिहिली आहेत. शेजारी बसून एकीनं वाचायचं आणि दुसरीनं करायचं, म्हणजे चुकत नाही.

आधी जुन्या संगणकावर

१. संगणक घरच्या वायफायला जोडा. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'प्रायव्हेट' निवडा. 'पब्लिक' ठेवलं तर संगणक स्वतःला इतरांपासून लपवतो आणि लॅपटॉपला सापडत नाही. लॅपटॉपवरही हीच जोडणी 'प्रायव्हेट' करा.

२. सेटिंगमधल्या 'अकाउंट्स'मध्ये एक वेगळा वापरकर्ता तयार करा. त्याला 'प्रत' असं साधं नाव द्या आणि पक्का पासवर्ड ठेवा. पासवर्डशिवाय पुढचं काम अडतं.

३. ज्या डिस्कमध्ये जागा आहे तिथं 'गटप्रत' नावाचा फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा.

४. फोल्डरवर उजवं बटण दाबा. 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग', मग 'शेअर'. यादीतून 'प्रत' हा वापरकर्ता निवडा, 'अ‍ॅड' करा आणि त्याच्यापुढे 'रीड/राइट' ठेवा. यादीत 'एव्हरीवन' निवडू नका. नाहीतर वायफायवर आलेला कुणीही पाहुणा गटाचा हिशोब उघडू शकेल.

५. शेवटी पडद्यावर फोल्डरचा पत्ता दिसेल. तो दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो, पुढे संगणकाचं नाव, परत एक रेघ आणि मग फोल्डरचं नाव. हा पत्ता जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या.

६. 'पॉवर' सेटिंगमध्ये 'स्लीप'समोर 'नेव्हर' करा. संगणक झोपला की प्रत थांबते.

मग लॅपटॉपवर

१. ज्या फोल्डरमध्ये फाइली असतात ते 'फाइल एक्सप्लोरर' उघडा. वरच्या पट्टीत वहीतला पत्ता लिहा आणि एंटर दाबा. नाव-पासवर्ड विचारेल. 'प्रत' आणि त्याचा पासवर्ड द्या, खाली 'रिमेंबर'वर खूण करा. फोल्डर उघडला म्हणजे रस्ता झाला.

२. 'कंट्रोल पॅनेल' उघडा. 'सिस्टिम अँड सिक्युरिटी', त्यात 'फाइल हिस्ट्री'. हा विंडोजमध्येच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

३. डावीकडे 'सिलेक्ट ड्राइव्ह', मग 'अ‍ॅड नेटवर्क लोकेशन'. तिथं तोच पत्ता द्या. नंतर 'टर्न ऑन' दाबा.

४. 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा. प्रत दर तासाला घेतली जाते, ते तसंच राहू द्या. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या तिथं 'फॉरएव्हर' म्हणजे कायम असं असतं. डिस्क लहान असेल तर 'अनटिल स्पेस इज नीडेड' निवडा, म्हणजे जागा लागेल तेव्हाच सगळ्यात जुन्या प्रती निघतील.

५. 'रन नाऊ' दाबून पहिली प्रत सुरू करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फाइल हिस्ट्री सगळा लॅपटॉप उचलत नाही. ती 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डेस्कटॉप' अशा ठरलेल्या जागांमधलं घेते. डी ड्राइव्हमध्ये ठेवलेला तक्ता किंवा 'डाउनलोड्स'मध्ये पडलेली फाइल त्यात येईलच असं नाही. म्हणून 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'प्रभागसंघ' नावाचा एकच फोल्डर करा आणि सगळं काम तिथंच ठेवा. टॅलीसारखा हिशोबाचा प्रोग्राम असेल तर त्याच्या आतूनच बॅकअप घ्यायची सोय असते. तो बॅकअप याच फोल्डरमध्ये उतरवा.

पहिली प्रत किती वेळ घेते?

पहिल्या वेळी सगळंच न्यायचं असतं, म्हणून धीर धरावा लागतो. साधा हिशोब करू. घरातल्या साध्या वायफायवर सेकंदाला ४ एमबी वेग मिळाला असं धरा. २० जीबी म्हणजे सुमारे २०,००० एमबी. त्याला ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागेल. यात हिशोबाचे तक्ते अगदी थोडे असतात, वजन असतं ते फोटो आणि व्हिडिओंचं. दुसऱ्या दिवसापासून फक्त बदललेल्या फाइली जातात, ते काम काही मिनिटांचं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप चार्जरला लावा आणि राउटरच्या खोलीतच ठेवा. जाड भिंत आणि पत्रा दोन्ही वायफायचा जोर कमी करतात. लाइट गेली तर घाबरू नका. लाइट आल्यावर उरलेलं काम पुढे सुरू होतं. मात्र राउटरला थेट हार्ड डिस्क लावली असेल तर अचानक वीज जाणं डिस्कला चांगलं नाही. तिथं लहान यूपीएस बसवा.

जुना संगणक दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. लॅपटॉप घरी असतो त्या वेळी, समजा संध्याकाळी दोन तास, तो सुरू करा. गावोगाव फिरताना तुम्ही तक्ता बदललात तर लॅपटॉप तो बदल स्वतःजवळ जपून ठेवतो आणि घरचं वायफाय मिळालं की तिकडे पोहोचवतो.

परत काढून बघा, मगच विश्वास ठेवा

बेणं लावायच्या आधी आपण ते निवडतो. कुजलेलं, सुकलेलं बाजूला टाकतो. "ठेवलंय म्हणजे चांगलंच असेल" असं कुणी म्हणत नाही. प्रतीचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी प्रत घेतली जाते, पण ती कधी उघडून बघितली जात नाही. गरजेच्या दिवशी कळतं की हवा तो फोल्डर त्यात आलाच नव्हता.

म्हणून महिन्यातून एकदा ही तपासणी करा. 'फाइल हिस्ट्री'त डावीकडे 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' दाबा. खालच्या बाणांनी मागच्या तारखेला जा. मागच्या महिन्याचा परतफेडीचा तक्ता निवडा. त्यावर उजवं बटण दाबून 'रिस्टोअर टू' घ्या आणि 'तपासणी' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा. मधलं हिरवं गोल बटण दाबू नका, ते जुनी प्रत आजच्या फाइलच्या जागी बसवतं. आता उतरवलेला तक्ता उघडा आणि कोणत्याही एका ग्रामसंघाची एकूण रक्कम कागदी वहीशी ताडून बघा. जुळली, तर प्रत खरी. उघडून पाहिली नाही तोवर तिला प्रत म्हणू नका.

याचा आणखी एक उपयोग आहे. कुणी चुकून तक्त्यातली ओळ पुसली आणि चार दिवसांनी लक्षात आलं, तर चार दिवसांपूर्वीची प्रत काढता येते.

एकाच छपराखालचं भागत नाही

घरच्या वायफायवरची प्रत लॅपटॉप बिघडला, पडला, चोरीला गेला तर कामाला येते. पण लॅपटॉप आणि जुना संगणक दोन्ही एकाच घरात असतात, हे विसरू नका. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टी झाली तेव्हा आपल्याच तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का हिंगोली जिल्ह्यानं अनुभवला. मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि कित्येक खात्यांच्या फायली जळाल्या. तिथं माणसंही दगावली. राज्याच्या मुख्य कार्यालयात हे होऊ शकतं, तर आपल्या पत्र्याच्या खोलीचं काय?

पाण्या-आगीशिवाय तिसरा धोका व्हायरसचा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले संगणक कुलूपबंद केले आणि कुलूप उघडायला पैसे मागितले. असे व्हायरस वायफायनं जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरच्या फाइलीही बंद करू शकतात. तेव्हा कामाला येते ती कशालाच न जोडलेली प्रत.

म्हणून जाणकार लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्यासाठी तो असा:

पहिली प्रत: लॅपटॉपमधली रोजची.

दुसरी: घरच्या वायफायवरून जुन्या संगणकात, आपोआप.

तिसरी: पेन ड्राइव्हवर, महिन्यातून एकदा. प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत 'प्रभागसंघ' फोल्डर त्यावर उतरवायचा, पेन ड्राइव्ह पाकिटात घालून दुसऱ्या गावच्या पदाधिकाऱ्याकडे द्यायचा आणि मागच्या महिन्याचा परत घ्यायचा. म्हणजे दोन पेन ड्राइव्ह आळीपाळीनं फिरतील. दिल्या-घेतल्याची नोंद इतिवृत्तात करायची. तिजोरीची किल्ली एकीकडे आणि पैसे दुसरीकडे ठेवतो, त्याच शहाणपणाचं हे काम आहे.

सदस्यांची माहिती म्हणजे त्यांची ठेव

या फोल्डरमध्ये आधार क्रमांक, खाते क्रमांक, कुणाचं किती कर्ज आहे ते सगळं असतं. प्रती वाढल्या की जपणूकही वाढवावी लागते.

वायफायचा पासवर्ड गल्लीभर देऊ नका. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं 'गेस्ट' वायफाय लावता येतं, ते द्या. राउटरच्या खाली चिकटवलेला कंपनीचा पासवर्ड बदला.

बाहेर जाणाऱ्या एक्सेल फाइलला कुलूप लावा: 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. हा पासवर्ड विसरला तर फाइल उघडत नाही. म्हणून तो बंद पाकिटात सचिव ताईंकडे ठेवा. पेन ड्राइव्ह आणि पासवर्डचं पाकीट एकीकडेच ठेवू नका.

जुन्या संगणकावर विंडोज १० असेल तर लक्षात घ्या, कंपनीनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. असा संगणक प्रत ठेवायलाच वापरा. त्यावर इंटरनेट बघणं, अनोळखी पेन ड्राइव्ह लावणं टाळा.

सखींचे नेहमीचे प्रश्न

*"फाइल मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवते. तेवढं पुरत नाही का?"*
एखाद्या तक्त्यापुरतं चालतं. पण शंभर फाइलींतली कोणती ताजी, ते महिन्याभरानं कळत नाही. शिवाय गटाची माहिती ग्रुपवर फिरते, ते योग्य नाही.

*"लॅपटॉपला जुना संगणक सापडतच नाही."*
तीन गोष्टी बघा. दोन्ही एकाच वायफायवर आहेत का? एक गेस्टवर तर नाही ना? दोन्हीकडे 'प्रायव्हेट' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का?

*"आमच्याकडे जुना संगणकच नाही."*
मग बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपलाच जोडा आणि 'फाइल हिस्ट्री'त तिची निवड करा. वायर लावावी लागेल, एवढाच फरक. प्रत झाली की डिस्क काढून ठेवा.

*"मला हे जमेल का?"*
खतावणी, रोजकीर्द, व्याजाचा हिशोब जमला, तर हे त्याहून सोपं आहे. पहिल्यांदा लावायला एखादी दुपार जाते. नंतर यंत्र आपलं आपण करतं, तुम्हाला फक्त महिन्याची तपासणी करायची असते.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

खालील पाच गोष्टींवर चर्चा करून ठराव घ्या.

१. आपल्या प्रभागसंघाचा लॅपटॉप आज बंद पडला तर कोणती माहिती कायमची जाईल? यादी करा.
२. वायफायवरची प्रत कोणाच्या घरी किंवा कार्यालयात लावायची?
३. दर महिन्याची तपासणी कोण करणार? लिपिका ताई एकट्या नकोत, सोबत एक पदाधिकारी असावी.
४. दोन पेन ड्राइव्ह कोणत्या दोन गावांत राहतील?
५. 'परत काढून बघितलं, रक्कम जुळली' अशी तारखेसह नोंद इतिवृत्तात होते का?

३१ मार्चला आपण वर्षाचे हिशोब बंद करतो. जगभरात हाच दिवस बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याला तर लक्षात ठेवायला सोपंच आहे. त्या दिवशी ताळेबंद जुळला की वर्षाची एक वेगळी प्रत काढा, तिच्यावर वर्ष लिहा आणि ती कधीच पुसू नका. हळदीचं बेणं दर वर्षी नवं राखावं लागतं, तसंच हेही.